सातपुड्यात भटकताना मांडीवरची बॅग: निवड, बांधणी आणि वापर

पाठीवर सॅक, गळ्यात दुर्बीण, एका खिशात मोबाईल, दुसऱ्यात टॉर्च आणि गोळ्यांची पट्टी. खानदेशात डोंगर हिंडणाऱ्यांची तयारी बहुतेक वेळा अशीच असते. अडचण चढ लागला की सुरू होते. ओआरएसचं पाकीट सॅकच्या तळाशी, रुमाल दुसऱ्या कप्प्यात, आणि दर वेळी सॅक उतरवायची म्हणजे सगळ्यांना थांबवायचं. मग माणूस संकोचतो आणि तहान दाबून चालत राहतो. आपल्याकडच्या उन्हात हे परवडणारं नाही. मांडीवर बांधायची बॅग, जिला दुकानात लेग पाऊच, थाय बॅग किंवा ड्रॉप लेग म्हणतात, ती यासाठीच असते: चालता चालता, खाली न बघता, हात घातला की हवी ती वस्तू मिळावी.

या लेखात मॉड्युलर प्रकाराबद्दल लिहितो आहे. त्यात मांडीवर एक पाटी बसते आणि त्या पाटीवर लहान-मोठे पाऊच आपल्या गरजेप्रमाणे जोडता-काढता येतात. निवड करताना एक गोष्ट शेवटपर्यंत धरून ठेवा. वजन कमरेने पेलायचं असतं, मांडीने नाही. मांडीचा पट्टा फक्त बॅग हलू नये म्हणून आहे. जी बॅग मांडीला आवळल्याशिवाय जागेवर राहत नाही ती कितीही महाग असली तरी घेऊ नका.

आधी सामान, मग बॅग

दुकानात जाण्याआधी घरी चादर अंथरा आणि तुम्ही नेहमी नेता ते सगळं सामान त्यावर काढा. त्याचे तीन ढीग करा: चालताना लागणारं, थांबल्यावर लागणारं आणि फक्त अडचणीत लागणारं. मांडीवर जायचं ते पहिल्या ढिगातलं, आणि तिसऱ्यातल्या एक-दोन वस्तू. बाकी सगळं सॅकमध्ये.

आता पहिला ढीग स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. अर्धा किलोच्या आत असेल तर उत्तम. पाटी आणि रिकामे पाऊच यांचंच वजन तीन-चारशे ग्रॅम होतं, हे विसरू नका. इतकं काटेकोर होण्याचं कारण आहे. कमरेवरचं वजन शरीराबरोबर पुढे सरकतं, पण पायावरचं वजन प्रत्येक पावलाला उचलावं लागतं, पुढे फेकावं लागतं आणि थांबवावं लागतं. किलोमीटरभर चालताना साधारण 1300 ते 1500 पावलं पडतात, म्हणजे एकेक पाय सातशेच्या आसपास वेळा हे काम करतो. सोल आणि गोल्डमन या संशोधकांनी 1969 साली वेगवेगळ्या अवयवांवर ओझं लावून माणसांना चालायला लावलं, तेव्हा पावलांवरच्या वजनासाठी शरीराच्या तेवढ्याच वजनापेक्षा चार ते सहा पट ऊर्जा लागते असं दिसलं. मांडी पावलापेक्षा खूप वर आहे, त्यामुळे तिथली किंमत एवढी मोठी नसते. पण बॅग जसजशी गुडघ्याकडे सरकते तसतशी ती वाढतेच. पोटरीला किंवा घोट्याला बांधायचे पाऊच मी डोंगरासाठी कोणालाच सुचवत नाही.

पाण्याची बाटली मांडीवर नको. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, आणि अर्धी झालेली बाटली प्रत्येक पावलाला हिंदकळते. पॉवर बँकही सॅकमध्येच ठेवा. मांडीवर काय शोभतं ते सांगतो: ओआरएसची दोन पाकिटं, गूळ-शेंगदाण्याची पुडी, रुमाल, छोटा टॉर्च, शिट्टी, वही-पेन्सिल, क्रेप बँडेज आणि पट्ट्या, आणि पक्षी बघणारा असेल तर दुर्बिणीची काच पुसायचं कापड.

या ढिगात जर फक्त मोबाईल आणि चाव्याच उरल्या, तर तुम्हाला ही बॅग लागतच नाही. चेनचा खिसा असलेली पँट घ्या, पैसे वाचतील. सायकलवाल्यांनाही मी नको म्हणतो, कारण पेडलच्या प्रत्येक फेऱ्यात मांडी वर येते आणि बॅग पोटाच्या घडीत घुसते. आणि पाठीवर सॅक घेणारच नसाल तर कमरेचं साधं पाऊच जास्त सोयीचं. मांडीच्या बॅगेचा खरा उपयोग होतो तो मोठी सॅक वाहणाऱ्याला. सॅकचा कमरपट्टा कमरेची सगळी जागा अडवतो, तिथे दुसरं काही बसत नाही, मग सामानाला जागा उरते ती मांडीच.

कुठल्या वाटेसाठी घेताय?

नंदुरबार जिल्ह्यात तोरणमाळला सीताखाईच्या बाजूला उतरणं किंवा दिवाळीच्या सुमारास अस्तंब्याची यात्रा करणं म्हणजे सलग चढ-उतार. अस्तंब्याला बरेच जण रात्रीही चालतात. अशा वाटेवर पाटी लहान, चपटी आणि शक्य तितकी वर हवी. पायाखालचा दगड दिसला पाहिजे आणि मांडी मोकळी उचलता आली पाहिजे. पाऊच दोनच पुरेत, आणि त्यांची जाडी तळहाताच्या रुंदीपेक्षा कमी.

चाळीसगावजवळचं पाटणादेवी, तिथून कण्हेरगड किंवा पितळखोऱ्याकडची वाट यात झुडपं आणि काटे जास्त. तिथे बाहेर लोंबणारं काहीही नको. पट्ट्यांची शेपटं दुमडून बांधलेली, कुठे कडी नाही, कॅराबिनर (स्प्रिंगने उघडणारी कडी) नाही. बोरी-बाभळीची फांदी अशा कडीत अडकली की फांदी तुटत नाही, आपला तोल जातो.

हतनूर धरणाच्या फुगवट्यावर किंवा चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमाजवळ पक्षी बघायला जाणाऱ्यांची गरज निराळी. चालणं थोडं आणि सपाट, बसणं-उठणं फार. त्यांना एक रुंद, वरून उघडणारा पाऊच बरा, ज्यात वही उभी राहते आणि एका हाताने काढता येते. मात्र वेल्क्रोचं झाकण त्यांनी टाळावं. सकाळच्या शांततेत तो फर्रर आवाज पाणथळीच्या कडेला बसलेल्या बदकांना उठवायला पुरतो.

रावेर-यावलकडच्या केळीच्या बागेत ठिबकच्या नळ्या बघत फिरणाऱ्यांनाही ही बॅग फार कामाची आहे. जॉइनर, ग्रोमेट, एंड कॅप आणि पंच एकेका लहान पाऊचमध्ये राहिले की दर गळतीला बांधावर परतावं लागत नाही. केळीचा चीक कापडावरून जात नाही, म्हणून त्यांनी गडद रंगाची, पुसता येणारी पाटी घ्यावी.

कंबर आणि उंची: निम्मी लढाई इथेच

बॅग कमरेच्या पट्ट्याला लटकते, म्हणून आधी तो पट्टा बघा. कार्यालयात घालायचा मऊ कातडी पट्टा वजनाने मुरगळतो. नायलॉनचा, 38 ते 45 मिलिमीटर रुंद, थोडा ताठ पट्टा हवा. पँटीचे लूप तेवढे रुंद आहेत का तेही मोजा. ट्रॅक पँट, लेगिंग किंवा सलवार घालणाऱ्यांनी वरून वेगळा वेबिंगचा, म्हणजे घट्ट विणलेल्या जाड फितीचा, पट्टा बांधावा. नाडीवर किंवा इलॅस्टिकवर बॅग अडकवली की ती तासाभरात कपड्यांसकट खाली ओढते.

पाटी पट्ट्याला एका जागी जोडलेली आहे की दोन, हे नक्की तपासा. एका पट्टीवर लटकणारी पाटी मांडीभोवती फिरते, आणि अर्ध्या तासाने पाऊच समोर गुडघ्यावर आलेला असतो. दोन पट्ट्या असतील आणि त्या इंग्रजी व्ही अक्षरासारख्या तिरप्या बसत असतील तर पाटी जागची हलत नाही. महिलांनी हे विशेष बघावं. नितंबाची रुंदी जास्त असली की सरळ लटकणारी पाटी मांडीपासून बाहेर फेकली जाते, तिरप्या पट्ट्यांची लांबी वेगवेगळी ठेवली की ती अंगाबरोबर बसते. पुढची पट्टी थोडी आखूड, मागची थोडी लांब, इथून सुरुवात करा.

आता उंची. सरळ उभे राहा, हात सैल सोडा. पाऊचचं तोंड मनगटाच्या आसपास आलं पाहिजे, म्हणजे कोपर किंचित वाकवून हात आत जातो. पाटीची खालची कड गुडघ्याच्या वाटीपासून किमान चार बोटं वर राहिली पाहिजे. चित्रांत सैनिक गुडघ्यापर्यंत पाटी लोंबवतात तसं दिसायला रुबाबदार वाटतं, पण चढावर ती पाटी गुडघा धरून ठेवते. बहुतेक लोक बॅग फार खाली बांधतात. पट्टी शक्य तितकी आखूड करा, मग सॅक चढवून बघा की सॅकचा कमरपट्टा आणि पाटीचा वरचा काठ एकमेकांवर चढत नाहीत ना. त्या दोघांत दोन बोटं अंतर राहिलं की उंची जमली असं समजा.

पट्टा कमरेला गरजेपेक्षा जास्त आवळू नका. मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या त्वचेला संवेदना देणारी नस कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकाजवळून खाली उतरते. पट्ट्याखाली ती दबली की मांडीच्या बाहेरच्या अंगाला बधिरपणा, मुंग्या किंवा जळजळ सुरू होते. असं जाणवलं तर पट्टा लगेच सैल करा आणि त्या दिवशी बॅग सॅकमध्ये टाका.

मांडीचा पट्टा

खरेदीआधी मांडीचा घेर मोजा, तोही ज्या पँटीवर बॅग वापरणार तीच पँट घालून आणि उभं राहून. विक्रेत्याला पट्ट्याची सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त लांबी विचारा. सडपातळ माणसाला परदेशी मापाची बॅग आली तर पट्टा पूर्ण ओढूनही सैलच राहतो. ऑनलाइन घेताना हा आकडा दिलेला नसेल तर बॅग घेऊ नका.

पट्टा 38 ते 50 मिलिमीटर रुंद असावा. अरुंद पट्टा कातडीत रुततो. थोडा भाग इलॅस्टिकचा हवा, कारण चालताना प्रत्येक पावलाला मांडीचे स्नायू फुगतात आणि सैल पडतात. पूर्ण इलॅस्टिकचा मात्र नको. घामाने आणि उन्हाने तो एका हंगामात लुळा पडतो. आतल्या बाजूने सिलिकॉनची नक्षी असेल तर पट्टा कमी आवळूनही सरकत नाही. पण ती नक्षी पँटीवरून बसायला हवी, उघड्या कातडीवर नको, घामात तिने कातडी सोलवटते.

एक पट्टा की दोन? अर्धा किलोच्या आत सामान असेल आणि पाटी वर बसवली असेल तर एक पुरतो. दुसरा पट्टा म्हणजे दुसरा घामाचा पट्टा. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 अंशांच्या पुढे जातो, आणि एप्रिलपासूनच मांडीच्या आतल्या बाजूला घर्षणाने चट्टे उठायला लागतात. बकल मात्र बाहेरच्या बाजूला आणि एका हाताने सुटणारं हवं. आतल्या बाजूचं बकल दुसऱ्या मांडीला घासतं.

घट्टपणा दोन बोटांनी तपासा. उभं असताना पट्ट्याखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. मग दहा मिनिटं चाला आणि पुन्हा तपासा. पहिल्यांदा बरोबर वाटलेला पट्टा चालल्यावर बहुतेक वेळा घट्ट वाटतो.

मॉड्युलर पाटी: इथे फूटपट्टी काढा

पाटीवर आडव्या पट्ट्यांच्या रांगा दिसतात. ही पद्धत 1990 च्या दशकात अमेरिकी लष्कराच्या नॅटिक इथल्या संशोधन केंद्रात तयार झाली, आणि आज तिला सगळीकडे मॉली म्हणतात. तिचं माप ठरलेलं आहे. पट्टी एक इंच रुंद, दोन पट्ट्यांमध्ये एक इंच मोकळी जागा, आणि पट्टी दर दीड इंचावर शिवून पक्की केलेली. माप पाळलेलं असलं की एका कंपनीचा पाऊच दुसऱ्या कंपनीच्या पाटीवर बसतो. मॉड्युलर असण्याचा सगळा अर्थ एवढाच आहे.

स्वस्त मालात नेमकं इथेच घोळ असतो. पट्टी दिसायला तशीच, पण शिवणीचं अंतर कुठे सव्वा इंच, कुठे पावणेदोन. पाऊचची पट्टी मग आत जातच नाही, किंवा एवढी सैल बसते की पाऊच डुलत राहतो. म्हणून दुकानात खिशातली फूटपट्टी काढायला लाजू नका. एका शिवणीपासून पुढच्या शिवणीपर्यंत एक घर. सलग चार घरं मोजा, सहा इंच भरली पाहिजेत.

पाऊच लावण्याची रीत नीट समजून घ्या, कारण बरेच जण पाऊचच्या मागची लांब पट्टी नुसती पाटीच्या सगळ्या रांगांतून खाली ओढतात आणि टिच बटण लावून मोकळे होतात. मग पाऊच पुढे झुकतो. पाऊचच्या पाठीवरही आडव्या पट्ट्या असतात, आणि त्या पाटीच्या मोकळ्या जागांत बसण्यासाठीच असतात. पाऊच पाटीवर टेकवा. लांब पट्टी आधी पाटीच्या वरच्या रांगेखालून घ्या, मग पाऊचच्या पाठीवरच्या रांगेखालून, पुन्हा पाटीच्या दुसऱ्या रांगेखालून, पुन्हा पाऊचच्या. बाज विणताना सुंभ वर-खाली जातो तसंच हे आहे. प्रत्येक फेरीला पट्टी ताणून घ्या. शेवटी बटण लावलं की पाऊच आणि पाटी एकजीव होतात, हाताने हलवूनही फट पडत नाही. नवी पाटी असेल तर पहिल्यांदा बोटं दुखतात. चमच्याची दांडी पट्टीखाली सरकवून रांग थोडी उचलली की काम सोपं होतं.

चार घरांची, म्हणजे सहा इंच रुंद पाटी बहुतेकांना पुरते. सहा इंच म्हणजे साधारण 15 सेंटिमीटर. मांडीचा घेर 50 सेंटिमीटर असेल तर तेवढ्यानेच जवळपास तिसरा हिस्सा झाकला जातो. त्याहून रुंद पाटीचा कोपरा पुढे मांडीच्या वरच्या अंगाला येतो आणि पाय उचलताना टोचतो. शिवाय जेवढं कापड जास्त तेवढा घाम जास्त. पाटीच्या मागे जाळीचं अस्तर हवं. जाड फोम मात्र नको, पावसात तो पाणी पितो आणि दोन दिवस वाळत नाही.

पूर्ण पाटीवर वेल्क्रो असलेला प्रकारही मिळतो, त्यात पाऊच नुसता चिकटवायचा असतो. तो आपल्या भागात का चालत नाही ते आता सांगतो.

कुसळ

पावसाळा सरला की सातपुड्याच्या उतारांवर आणि माळांवर कुसळी गवत पिकतं. त्याच्या बियेला एका बाजूला सुईसारखं टोक आणि मागे काळसर, पिळलेली शेपटी असते. हवेतला ओलावा बदलला की ती शेपटी पीळ सोडते किंवा घालते, आणि बी स्वतःच फिरत फिरत आत घुसते. मातीत रुजण्यासाठी निसर्गाने केलेली सोय मोज्यांत, पँटीच्या शिवणीत आणि बॅगेच्या कापडातही तितकीच चोख चालते.

वेल्क्रोचा आकड्यांचा भाग कुसळांना फार आवडतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गवतातून एक दुपार चालून आल्यावर तो भाग जवळून बघा: आकड्यांच्या रांगांमध्ये कुसळांच्या शेपट्या आडव्यातिडव्या गुंतलेल्या असतात, त्यांच्यात गवताचे तंतू आणि मातीचा भुगा. झाकण दाबलं तरी पकड येत नाही, आणि चालताना ते आपोआप उघडतं. अस्तंब्याच्या यात्रेचा काळ नेमका हाच. म्हणून पाऊचचं झाकण बकलचं किंवा चेनचं घ्या. वेल्क्रो असलाच तर आकड्यांचा भाग झाकणाच्या आत, खाली तोंड करून हवा.

जाळीचे उघडे खिसे बाहेरच्या बाजूला नकोत. कुसळ जाळीतून आरपार जातं आणि मांडीला टोचत राहतं. बाहेरचं कापड घट्ट विणीचं, गुळगुळीत असेल तर कुसळं झटकून पडतात. गोखरू मात्र कशातही अडकतं, त्याला इलाज फक्त बोटांचा.

कापड, चेन, बकल

कापडावर 500डी, 1000डी असं लिहिलेलं असतं. हे डेनियर, म्हणजे 9000 मीटर लांब धाग्याचं ग्रॅममधलं वजन. 1000 डेनियरचं कापड जाड, टिकाऊ आणि जड, 500 चं हलकं आणि जास्त लवचीक. मांडीवरच्या बॅगेसाठी 500 डेनियर नायलॉन पुरेसं आहे. कॉर्ड्युरा हे मजबूत कापडाच्या ब्रँडचं नाव असेल तर चांगलंच, पण खऱ्या मालाला तसं लेबल शिवलेलं असतं, नुसत्या दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका. आतून मेणचट लेप आहे का बघा, तोच पाणी अडवतो.

चेनचा नंबर रनरच्या मागे कोरलेला असतो. 5 म्हणजे बंद दात साधारण पाच मिलिमीटर रुंद. मांडीसाठी 5 किंवा 8 घ्या. आपली काळी माती वाळली की पिठासारखी होते आणि दातांत बसते, त्यामुळे फार बारीक चेन लवकर अडते. रनरला दोरीची शेपटी बांधून घ्या, घामट हाताने धातूचं टोक सापडत नाही.

ताण येणाऱ्या जागा उलटून बघा. पट्टी पाटीला जोडते तिथे चौकोनात फुली मारलेली शिवण किंवा बारटॅकचे दाट टाके हवेत. एकेरी टाका असेल तर बॅग बाजूला ठेवा. बकल कानाजवळ धरून दहा वेळा उघडा-मिटा. आवाज खणखणीत आणि दर वेळी सारखा यायला हवा.

रंग, चाकू आणि वनखातं

लष्करी ठिपक्यांच्या नक्षीची बॅग घेऊ नका. आपण सैनिक आहोत असा समज व्हावा म्हणून सैनिकी वेश किंवा खूण वापरणं हा गुन्हा आहे. हेतू तसा नसला तरी नाक्यावर विचारपूस होते आणि गावकरी बिचकतात. राखाडी, मातकट, ऑलिव्ह असे रंग चांगले. काळा रंग उन्हाळ्यात आतला सगळा माल तापवतो. मोबाईल बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या साधारण 35 अंशांपर्यंतच्या हवेतच फोन वापरायला सांगतात, त्यामुळे एप्रिल-मे मध्ये फोन मांडीवर ठेवूच नये.

यावल, अनेर किंवा गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात जाणार असाल तर पाटीवर चाकू-कोयता लटकवू नका. लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र नेण्यास 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे. पट्टी कापायला बोथट टोकाची छोटी कात्री पुरते.

कोणत्या पायाला?

पायवाटेवर चालणाऱ्याने आपल्या कामाच्या हाताच्या बाजूला, म्हणजे उजव्या हाताच्या माणसाने उजव्या मांडीला बांधावी. कॅमेरावाला अपवाद. उजव्या हातात कॅमेरा असतो, म्हणून त्याची बॅग डावीकडे.

दुचाकीवरून धुळ्याहून लळिंग किंवा जळगावहून पाल असं जाणाऱ्यांनी डावी मांडी निवडावी. आपण गाडीवर डावीकडून चढतो आणि उजवा पाय सीटवरून फिरवतो. मागे सामान बांधलेलं असेल तर उजव्या मांडीवरची बॅग त्यात अडकते आणि उभी गाडी कलंडते. गाडीवर असताना पाऊचमध्ये कठीण, टोकदार वस्तू ठेवू नका. पडल्यावर मांडीच्या बाहेरच्या अंगाला मार बसू शकतो.

दोर लावून उतरायचं असेल आणि हार्नेस (दोराला जोडायचे कमर-मांडीचे पट्टे) घालणार असाल तर मांडीची बॅग काढून सॅकमध्ये टाका. दोन्हींचे पट्टे एकाच जागी येतात, आणि घाईत चुकीचं बकल उघडलं जाऊ शकतं.

घरातली चाचणी, मग लळिंग

परत करायची मुदत संपण्याआधी ही चाचणी घरीच करा. बॅग पूर्ण भरा, सॅकही भरून पाठीवर घ्या. जिन्याच्या एक सोडून एक पायऱ्या चढा, मांडी आडवी होईपर्यंत पाय उचलला गेला पाहिजे. मग उकिडवे बसा. परदेशी चित्रफितींत ही चाचणी दिसत नाही, पण डोंगरात आपल्याला शौचाला, चूल पेटवायला, ओढ्यावर पाणी भरायला उकिडवंच बसावं लागतं. बसल्यावर पाऊचचा काठ पोटात घुसत असेल किंवा पट्टा मांडीचा रक्तप्रवाह अडवत असल्यासारखा वाटत असेल तर उंची बदला. मांडी घालून बसा, झाडाखाली कळण्याची भाकरी आणि ठेचा खायचा तो असाच. शेवटी एसटीच्या सीटएवढ्या जागेत बसून बघा, शेजाऱ्याला कोपरा टोचतो का ते. मग डोळे मिटून प्रत्येक वस्तू काढा आणि परत ठेवा. जी वस्तू तीन श्वासांत सापडत नाही तिची जागा चुकली आहे.

घरी जमलं की छोट्या चढावर न्या. धुळ्याजवळचा लळिंग किल्ला यासाठी फार सोयीचा आहे. महामार्गाला लागून आहे, चढ दमवणारा पण आटोपशीर, आणि काही बिघडलं तर खाली यायला वेळ लागत नाही. उतरताना लक्ष ठेवा. कातळाकडे तोंड करून उतरावं लागलं तर पाऊच बाहेरच्या बाजूने किंचित मागे सरकवलेला हवा, नाहीतर तो दगडाला घासून आपल्याला बाहेर ढकलतो. परतल्यावर मांडी बघा. पट्ट्याचा लाल वळ पंधरा-वीस मिनिटांत गेला तर ठीक. चट्टा किंवा फोड असेल तर पट्टा बदला, पँट बदला किंवा बॅग बदला.

पाऊचमध्ये काय कुठे

वरचा, सगळ्यात हाताशी असलेला पाऊच ओआरएस आणि खाऊचा. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं, म्हणून सॅकमध्ये लिटरच्या मापाची बाटली ठेवा. चिमूटभर पावडर अंदाजाने टाकू नका, प्रमाण बिघडतं. खालचा पाऊच पट्ट्या, क्रेप बँडेज, जंतुनाशक आणि रोजच्या गोळ्यांचा. त्यावर लाल कापडाचा तुकडा शिवा आणि तो काय आहे हे बरोबरच्या सगळ्यांना निघतानाच दाखवा. तुम्ही बेशुद्ध पडलात तर तो पाऊच त्यांनाच उघडायचा आहे. नदी-ओढा ओलांडण्याआधी बॅग काढून सॅकवर बांधा, वाहत्या पाण्यात तिचं ओढणं पायाला जाणवतं.

साप चावला तर काय, हे या बॅगेच्या संदर्भात सांगणं मला फार गरजेचं वाटतं. चावा पायाला असेल तर सगळ्यात आधी मांडीचा पट्टा सोडा आणि बॅग काढून टाका. सूज वर चढते आणि तो पट्टा आवळपट्टीसारखा रुततो. बॅगेचा पट्टा, दोरी किंवा रुमाल वर घट्ट बांधायचा नाही, चिरा द्यायच्या नाहीत, तोंडाने चोखायचं नाही. पाय हलणार नाही असा ठेवा, माणसाला चालू देऊ नका, 108 ला फोन करा आणि प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयात न्या. आपल्याकडे मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालतं, त्यामुळे साप मारून बरोबर नेण्यात वेळ घालवू नका.

देखभाल

घरी आल्यावर पाऊच उलटे करून झटका. कुसळं चिमट्याने, टोकाच्या दिशेने ओढून काढा. शेपटीकडून ओढलं की टोक कापडात तुटून राहतं. घामाचं मीठ वाळून पट्टा ताठ होतो, म्हणून दर फेरीनंतर साध्या पाण्यात बुडवून चोळा आणि सावलीत वाळवा. कडक उन्हाने नायलॉन आणि इलॅस्टिक दोन्ही कमजोर होतात. चेनचे दात जुन्या टूथब्रशने घासा आणि त्यावर मेणबत्ती फिरवा. वॉशिंग मशीन नको, आतला लेप सुटतो. पावसाळ्यात बॅग कपाटात कोंबू नका, खुंटीला टांगा.

इलॅस्टिक लुळं पडलं किंवा टाके उसवले म्हणून पूर्ण बॅग टाकायचं कारण नाही. बॅगा शिवणारा चांगला कारागीर जळगावला, धुळ्याला, नंदुरबारला बाजारपेठेत मिळतो. त्याला नवं इलॅस्टिक आणि बकल आणून द्या, नायलॉनचाच धागा वापरायला सांगा, आणि फुलीच्या चौकोनाची शिवण कुठे हवी ते खडूने आखून दाखवा. जूनमध्ये त्याच्याकडे शाळेच्या दप्तरांची रांग असते, म्हणून हे काम मे महिन्यातच, ऊन टाळून घरी बसायच्या दिवसांत, उरकून घ्या.